नवंकोरं पडकं

त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला जो वजनदार लंबक लावतो, तो ओळंबा. हा माणूसही तसलाच. कुणाकडे पाहुणा गेला की आधी भिंतीवरच्या वाकड्या तसबिरी सरळ करायचा, मग बूड टेकायचा. स्वतःच्या लग्नाच्या फोटोत तो नवरीकडे बघतच नाहीये, मागच्या तिरक्या पडद्याकडे बघतोय. बायको अजून ते ऐकवते.

चाळीस वर्षं त्याने सरळ भिंती बांधल्या. बायको हाताखाली. ती माल कालवायची, दगड पोचवायची, आणि काही चुकलं की पहिली तीच बोलायची.

एके दिवशी टेकडीवरच्या नव्या वसाहतीतल्या निवृत्त प्राध्यापिका बाईंचं बोलावणं आलं.

"मिस्त्री, मला बागेत एक पडकी भिंत हवीय."

"कुठली पाडायची?"

"पाडायची नाही हो. बांधायची."

बाईंच्या घरात छताला टेकलेली पुस्तकं. सगळी रोमँटिक कवींची नाहीतर तसल्याच कादंबऱ्या. चांदणं, वादळ, मोडका मनोरा आणि त्यात झुरणारा कुणीतरी. जन्मभर बाईंनी तेच वाचलं, तेच शिकवलं. आणि राहायला आल्या कुठे, तर जिथली सगळ्यात जुनी वास्तू म्हणजे पाण्याची टाकी. तिचं वय अकरा.

"इथे उसासा टाकायला एक जागा नाही, मिस्त्री! पडक्या भिंतीपाशी बसून मन मोकळं करायला आपल्याला या कवींनी शिकवलं. त्याआधी लोक तिचे दगड उचलून गोठ्याला लावायचे."

"शहाणी होती माणसं," ओळंबा म्हणाला. पण काम घेतलं.

हात काही ऐकेना. पहिल्यांदा बांधली, तर भिंतीचा तुटका माथा दात्यांसारखा एकसारखा. बाई म्हणाल्या, "अहो, ही करवत झाली." दुसऱ्यांदा डोळे मिटून दगड रचले. ते बघून बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे पडकं नाही. लोकांना वाटेल मिस्त्री काम टाकून पळाला."

हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. जेवायला बसला, पण भाकरी नुसती कुस्करत राहिला.

"तोंड पाडून काय बसलात?" बायको म्हणाली. "जन्मभर लोकांची पडकी घरं दुरुस्त केलीत. घर कुठून पडायला लागतं ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? आधी अख्खी भिंत बांधा, कमानीच्या खिडकीसकट. मग तुम्हीच पाऊस व्हा."

तो पाऊस झाला. अख्खी भिंत बांधली आणि तिच्यासमोर दोन दिवस नुसता बसून राहिला. पाणी इथून मुरेल. हा दगड आधी सुटेल, त्याच्यामागे हे दोन. इथे मूळ शिरेल आणि कमानीचा खांदा निखळेल. जे जायला हवं ते एकेक करून काढलं. जे राहिलं ते आतून सळया घालून असं पक्कं केलं, की बैल बांधावा.

बाई चहा घेऊन आल्या आणि कप हातातच राहिला. डोळे भरले. महिनाभरात शेजारचा विमा एजंट, जो आयुष्यात हप्त्यांशिवाय काही बोलला नव्हता, बायकोचा हात धरून तिथे येऊन बसायला लागला.

आणि मग भिंतीवर कागद चिकटला. नगरपालिकेचा. "धोकादायक बांधकाम. सात दिवसांत पाडावे."

बाई हरखल्या. "याहून मोठी पावती कुठली, मिस्त्री? राहू दे तो कागद, शोभा येते!"

ओळंब्याचं तोंड उतरलं. "बाई, चाळीस वर्षांत माझ्या भिंतीवर असला कागद लागला नाही."

तो तडक गेला आणि नगरपालिकेच्या इंजिनियरला घेऊन आला. तरुण पोरगी, डोक्यावर हेल्मेट.

"काका, मला जे दिसलं ते मी लिहिलं," ती म्हणाली.

"दिसण्यावर जाऊ नका, ताई. हे धरा." त्याने दोरी तिच्या हातात दिली. तिने लंबक सोडला. वरपासून खालपर्यंत सुताचाही फरक नाही. तिने दुसरी बाजू बघितली, तिसरी बघितली.

"पण वरचा तो सुटलेला दगड?"

ओळंबा बायकोकडे वळला. "चढतेस?"

"आता या वयात?" म्हणत ती चढलीसुद्धा. दोघं मोडक्या कमानीवर उभी राहिली. बायकोने सुटलेल्या दगडावर दणादण पाय आपटले. भिंत ढिम्म.

"बास, बास, काकू! उतरा!" इंजिनियर हसायलाच लागली. तिने वहीत तपासणी लिहिली, नोटीस रद्द केली, खाली सही ठोकली आणि कागदाचं टोक धरून ओढलं. वरचा अर्धा निघाला, खालचा खळीसकट दगडाला चिकटून बसला.

"तेवढा तरी असू द्या की," बाई म्हणाल्या.

"बाई, पडकं तुमचं. नाव माझं आहे."

त्याने फडकं ओलं केलं आणि गुडघ्यावर बसला. भिजवायचा, थापीच्या कडेने अलगद खरवडायचा, पुन्हा भिजवायचा. इंजिनियर गेली, बाईही आत गेल्या.

"निघाला की सगळा. चला आता," बायको म्हणाली.

"थांब. एक कोपरा राहिलाय."