तिची हळू चालणारी फाइल

कॉम्प्युटरवर डिझाइन करणाऱ्यांच्या या ग्रुपवर मी फक्त वाचतो. आज पहिल्यांदा लिहितोय, कारण सकाळी इथल्याच एका जुन्या उत्तराने माझं काम झालं.

पिंपळगावच्या एका पॅकहाउससाठी द्राक्षांच्या क्रेटचं डिझाइन होतं, माझ्या बायकोने केलेलं. आम्ही दोघं घरूनच ही कामं करायचो. उन्हाळ्यात ती गेली.

आज ग्राहकाला तोच क्रेट थोडा रुंद करून हवा होता, तोही दुपारपर्यंत. मी एक माप बदललं आणि स्केच, म्हणजे मॉडेलमागचं रेखाटन, नव्याने जुळता जुळता अडकून बसलं. तळाच्या जाळीची सगळी भोकं तिने एकाच स्केचमध्ये काढली होती. यावरून आमचं नेहमी वाजायचं.

"अगं, एका स्केचमध्ये किती कोंबशील?"

"मला सगळं एका ठिकाणी दिसायला लागतं. अडकलंय ना? मग या इकडे, चहा घ्या तोवर."

इथे वाचल्याप्रमाणे फाइलची कॉपी करून स्केचमध्ये एकच भोक ठेवलं आणि बाकीची, त्याच भोकाच्या प्रती काढणाऱ्या पॅटर्न कमांडने, थेट मॉडेलवर घेतली. आता माप बदललं की क्षणात सगळं जागेवर येतं. फाइल वेळेत गेली. मनापासून आभार.

नंतर लक्षात आलं, आमचं दिवसभरातलं बहुतेक बोलणं स्केच अडकलेलं असतानाच व्हायचं.

तिची मूळ फाइल मी पुसलेली नाही. तुमच्यापैकी कोणी अशी फाइल मुद्दाम जपून ठेवली आहे का?

मघाशी ती उघडून एक माप बदललं. फाइल अडकली आहे, तोवर हे लिहितोय.