पडद्यावर ‘माहीत नाही’

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मुलीमुळे माझं काम माझ्याकडे राहिलं, हे आधी लिहून टाकते. मागे ठेवलं तर पुढे माझा जळफळाटच एवढी जागा खाईल की तिचे उपकार सांगायचे राहून जातील.

आमचं वर्कशॉप जळगावात. केळीच्या बागांना ठिबकचं पाणी सोडणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. मी तिथे सोल्डरिंगला लागले होते. शाळा आठवीनंतर सुटली. माहेर कोकणात, खाडीपलीकडे. लग्न होऊन धुळ्याला आले, मग नवऱ्याच्या नोकरीमागे जळगावला. धुळ्यात सासूबाई गल्लीभर सांगायच्या, “मनी सूनले बठ्ठं येस.” सुनेला सगळं येतं! ऐकून मला घाम फुटायचा. जे येत नाही ते कुणाच्या लक्षात यायच्या आत शिकून घ्यायचं, ही सवय तेव्हा लागली. प्रोग्रामिंगही मी तसंच शिकले, जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बघून बघून.

ती मुलगी माझ्याहून बरीच लहान, इंजिनिअर. घर नशिराबादला, स्कूटीवर ये-जा करते. दुपारी ती आईने दिलेला डबा उघडते आणि म्हणते, “घ्या ना ताई, आईने तुमच्यासाठीच जास्त घातलंय.” मी घेते, आणि खाता खाता जळते. माझ्या आईच्या हातचं खायला मला दोन गाड्या बदलून जावं लागतं, तेही रजा मिळाली तर. पण डब्याहून आणि डिग्रीहूनही तिची एक गोष्ट मला अजिबात सहन व्हायची नाही. वर्कशॉप चालवणाऱ्या सरांनी काही विचारलं की ती खुशाल म्हणायची, “माहीत नाही सर, बघून सांगते.” सर मान डोलवायचे. तिच्या ‘माहीत नाही’मागे चार वर्षांचं कॉलेज उभं होतं. माझ्यामागे आठवी.

सरांनी मला डीबगरचा एक भाग लिहायला दिला होता. डीबगर म्हणजे चालू यंत्राच्या पोटात डोकावायचा प्रोग्राम. तारेतून कंट्रोलरची मेमरी वाचायला वेळ लागतो, म्हणून एकदा वाचलेलं लॅपटॉपवर प्रत करून ठेवायचं आणि पुढे तीच दाखवायची. तिला कॅशे म्हणतात. आपण यंत्रात काही बदललं की प्रतही बदलली पाहिजे, ती जबाबदारी माझी. सर म्हणाले होते, “बागेतली चाचणी नीट झाली तर हे काम कायमचं तुझं. नाहीतर आपलं सोल्डरिंग आहेच.”

चाचणी त्या मुलीच्याच वडिलांच्या केळीच्या बागेत होती. त्यांना सगळे आबा म्हणतात. मी लॅपटॉपवरून चारही वॉल्व्ह उघडायचा हुकूम सोडला, तेवढ्यात पंप सुरू झाला, व्होल्टेज पडलं आणि हुकूम यंत्राच्या मेमरीत लिहिणं मधेच फसलं. माझ्या कोडने चोख काम केलं, असं मला तेव्हा वाटलं. लिहिणं फसलं की प्रतीत जुनी नोंद परत आणायची, असं मी ठरवलं होतं. पडद्यावर आलं: चारही बंद. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

केळीच्या रांगांतून आबा ओरडले, “काय व माय, तुमच्या डब्यात पाणी बंद, अन् माह्या पायाखाली चिखल?”

सर जाऊन बघून आले. दोन वॉल्व्ह उघडे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तिला म्हणाले, “उद्यापासून हा भाग तू घे.”

मला वाटलं, झालं. माहेर हिचं, बाग हिची, आता कामही हिचं.

ती म्हणाली, “घेते सर, पण मला यातलं काही माहीत नाही. ताईंनाच विचारावं लागेल. आत्ताच विचारू का?”

सर आबांबरोबर चहाला गेले. ती माझ्या शेजारी पंपाच्या खोलीच्या ओट्यावर बसली. “ताई, यंत्र म्हणालं ‘जमलं नाही’. म्हणजे काहीच झालं नाही, असं कशावरून?”

“मग काय झालं?”

“मला काय माहीत! तुम्हाला तरी कुठे माहीत आहे? अर्धं लिहून झाल्यावर तुटलं असेल तर जुनंही खोटं आणि नवंही खोटं.”

लिहिणं फसलं की तेवढी प्रत पुसून टाकायची आणि यंत्राला पुन्हा विचारायचं, हे मला मुळात सुचलंच होतं. पण पुसल्यापासून उत्तर येईपर्यंत पडद्यावर ‘माहीत नाही’ दिसलं असतं. माझ्या हातच्या कामावर ती अक्षरं मला नको होती, म्हणून मी जुनी नोंद दाखवत होते. तिला हे सांगितलं नाही. कोड मात्र तिथेच बदललं.

सर आले. पुन्हा हुकूम, पुन्हा पंप, पुन्हा फसलं. चारही वॉल्व्हसमोर ‘माहीत नाही’ उमटलं. मग यंत्राकडून उत्तर आलं: तीन उघडे, एक बंद.

“आबा, किती चालू?” ती ओरडली.

“तीन! चौथा कोरडा शे!”

सर पडद्याकडे बघत राहिले. “कुणी केलं?”

“कोड ताईंचं,” ती म्हणाली. “मी फक्त शंका विचारली.”

काम माझ्याकडेच राहिलं. आनंद झाला, तरी तिच्या त्या वाक्याने मी आणखीच जळले. इतकं सहज दुसऱ्याला देऊन टाकण्याएवढं हिच्याकडे असतं तरी किती!

परवा ती म्हणाली, “ताई, बारीक पार्टचं सोल्डरिंग मला अजिबात येत नाही. शिकवाल?” मी म्हटलं, बघू, सध्या काम आहे. काम काही नव्हतं. तिला येत नाही आणि मला येतं, असं एवढं एकच उरलंय, ते हातचं सोडवत नाही. पण शिकवीन. एक दिवस तिला माझ्या जुन्या टेबलाशी बसवून, तिचा हात हातात धरून, मला येतं तेवढं सगळं तिला देईन. तेवढा धीर मला येऊ दे.