लाजायचं तर हितं लाज

लेकीच्या बाळंतपणासाठी मी पहिल्यांदाच एकटी मुंबईला निघाले होते. रत्नागिरी स्टँडवर शेजारी आंबापोळीची पिशवी घेतलेली एक म्हातारी बसली होती. माझ्या हातातला पत्त्याचा कागद घामाने भिजलेला बघून तिने तो पदराने टिपला.

"चालत्या माणसाला रस्ता विचारू नको गो बाय, त्याला घाई असते. फळवालीला विचार. ती रोज तिथंच बसते."

"मला विचारायला लाज वाटते," मी म्हटलं.

ती हसली. "लाजायचं तर हितं लाज. मुंबयत तुला वळखतंय कोण?"

मुंबईत तीन फळवाल्यांना मोठ्याने विचारत मी दवाखान्यात पोचले. लेक चकित झाली. "आई, तुला आणलं कोणी?"

"माझी मीच आले!"

खोलीतल्या साऱ्या बायकांनी वळून पाहिलं. मी मान खाली घातली नाही.