एका अर्जावरच्या सगळ्या सह्या

"ताई, हे गेले हो..." कमलावहिनींचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. गोविंदराव गेले! आणि माझ्या मनात पहिलं काय यावं? आता ती गोष्ट फक्त मला ठाऊक. महिना झाला, तो विचार पाठ सोडत नाही.

चेन्नईत रेल्वेच्या एकाच ऑफिसात आम्ही. ते नकाशे काढायचे, मी टायपिस्ट. ते पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे, मी सांगलीची. एकमेकांच्या मराठीला मनसोक्त हसायचो. शहराचा नवा विकास आराखडा निघाला, हरकती मागवल्या, तेव्हा हा माणूस नकाशाची गुंडाळी घेऊन एन्नोरच्या कोळीवाड्यात गेला. मलाही ओढलं. देवळापुढे नकाशा पसरून म्हणाले, "हा जांभळा रंग म्हणजे कारखाने. तुमची घरं ह्याच्याखाली आहेत." वस्तीचं नावसुद्धा नव्हतं त्यावर. बायका वाकून वाकून आपलं घर शोधत होत्या...

गोविंदरावांचं म्हणणं, दर घराचा वेगळा अर्ज हवा. मला भाचीच्या लग्नाला निघायचं होतं. वैतागून म्हटलं, "अहो, इतके अर्ज कोण टाइप करत बसणार? एकच करू, खाली सगळ्यांच्या सह्या घेऊ." "अय्यो ताई, एका कागदाला कोण विचारतं?" म्हणाले, पण मी हट्टाला पेटले होते. शेवटी त्यांनी मान डोलावली.

सुनावणीत साहेबांनी कागद उलटून पाहिला. एक अर्ज, एक हरकत. संपलं. रंग जांभळाच राहिला. बाहेर आल्यावर मासळी विकणारी सेल्वीअक्का कडाडली, "एका कागदात भागेल असं सांगितलं कुणी?" "मी," गोविंदराव म्हणाले. मी शेजारीच उभी होते. तोंडातून शब्द काढला नाही. पुढे कितीतरी दिवस वस्तीत त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. तरी ते जात राहिले. मला मात्र त्याबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत.

परवा वहिनींनी त्यांचं कपाट उघडलं. आत अर्जच अर्ज! घरागणिक वेगळा, प्रत्येकाचं नाव सुबक अक्षरात, तारखेची जागा कोरी. आराखडा पुन्हा निघेल तेव्हासाठी. "रिटायर झाल्यापासून हेच लिहीत बसायचे," वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, "मला सांगायचं नाही का? मी टाइप करून दिले असते." "मीही तेच म्हणायची. तर म्हणायचे, ताईंना कळू देऊ नको, त्यांच्या मनाला लागेल."

हे सगळं आज इथे लिहून टाकलं. पण सेल्वीअक्काला मराठी वाचता येत नाही. तिला समोर जाऊन, तोंडानेच सांगावं लागेल. अजून गेलेले नाही.