‘चालू दे’

माझी दोन बोटं पट्टा आणि पुली यांच्यामध्ये होती, आणि गाडीत बसलेला नानूराम गोष्ट सांगता सांगता एकदम थांबला.

गाडी धारच्या दादासाहेबांची. संस्थानं विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण दादासाहेबांची जुनी विलायती मोटार आणि दरडावणीचा आवाज दोन्ही शाबूत होते. कोर्टाच्या कामाला ते देवासला आले की गाडी माझ्या गॅरेजमध्ये यायची. त्या दिवशी वाटेत इंजिन तापलं होतं. पाहिलं तर पंख्याचा पट्टा ढिला. इंजिनच्या तोंडाशी पंखा असतो. तो आणि डायनमो हाच रबरी पट्टा फिरवतो. डायनमो थोडा बाहेर ओढून आवळायचा आणि बोटांनी दाबून पट्ट्याचा ताण बघायचा, एवढंच काम.

असं काम करण्याआधी बॅटरीची तार काढून ठेवतात. मग कुणी चुकून बटण दाबलं तरी सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर, हलत नाही. हा नियम गॅरेजमध्ये मीच लावला होता. कुणी विसरला तर चारचौघांत त्याची हजेरी घ्यायचो. त्या दिवशी तार मी काढली नाही. नुसता पट्टा तर आवळायचाय, म्हटलं.

नानूराम हा दादासाहेबांचा ड्रायव्हर, इकडच्याच हाटपिपल्याचा, माळवी बोलणारा. नंतर सेल्फ मारावा लागेल म्हणून मीच त्याला सीटवर बसवला होता. माणूस भारी गप्पिष्ट. डोल ग्यारसला, म्हणजे भाद्रपदातल्या एकादशीला, त्याच्या गावी नृसिंहाची दगडी मूर्ती नदीत कशी तरंगते, ते रंगवून सांगत होता. मी हूं हूं करत होतो. कामाच्या नादात माझं हूं थांबलं, तसा तोही थांबला. बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून मी म्हणालो, “चालू दे, चालू दे.”

एरवी मी त्याच्याशी हिंदीतच बोलायचो. पण मन कामात गुंतलं की तोंडातून घरचीच भाषा निघते. मी म्हणालो, गोष्ट चालू दे. त्याने ऐकलं, गाडी चालू कर दे. त्याने सेल्फ मारला.

बोटं पट्ट्याबरोबर पुलीत ओढली गेली. मी ओरडलो आणि त्याने तत्काळ इंजिन बंद केलं, म्हणून बोटं वाचली. एकाचं पेर मात्र गेलं. मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. तो आपल्या गमछ्याने माझा हात बांधत होता.

दादासाहेब आले. काय झालं ते त्यांनी विचारलंही नाही. नानूरामला म्हणाले, “चाबी रख और घर जा. कल से मत आना.” मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “आपल्या माणसाचा हात गेला असता. ह्या लोकांना कितीही सांगा, डोक्यात शिरत नाही.”

आपला माणूस म्हटल्यावर मला क्षणभर बरं वाटलं. खोटं का सांगू? त्या बरं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

नानूराम माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “तमने ज कियो थो, मिस्तरीजी. चालू दे.”

दादासाहेबांना दोन्ही भाषा येत होत्या. त्यांच्या लगेच ध्यानात आलं.

“असं म्हणालात?”

“म्हणालो.”

“आणि बॅटरीची तार?”

तार जागच्या जागी होती, सगळ्यांना दिसत होती. शेजारच्या चहाच्या दुकानातली माणसं जमली होती. माझ्या हाताखालची पोरंही उभी होती. नानूरामलाही कळावं म्हणून मी हिंदीत म्हणालो, “हुजूर, गलती मेरी है. इसने जो सुना, वही किया. तार मैंने नहीं निकाली.” मान वर करून बोलता आलं नाही.

दादासाहेबांनी चावी नानूरामच्या हातात परत दिली. त्याच गाडीतून त्याने मला दवाखान्यात नेलं.

नोकरी त्याची टिकली. पुढेही तो गाडी घेऊन यायचा. आला की चावी माझ्या हातात द्यायचा आणि रस्त्यापलीकडे जाऊन उन्हात उभा राहायचा. चहाला बोलावलं तर यायचा, प्यायचा आणि परत तिकडे जायचा. माझ्याशी गप्पा मारणं त्याने सोडलं ते सोडलंच.

तेव्हा आधी बॅटरीची तार काढा. बोलायचं ते नंतर, मग कुठल्याही भाषेत बोला.