हसऱ्या चेहऱ्यावर बोट

तुम्ही कधी दम्याच्या पोराला "तुझं कसं चाललंय?" असं विचारलंय? मी रोज विचारते. डोंबिवलीत मुलांच्या दवाखान्यात माझं कामच ते. पाच चेहऱ्यांचं कार्ड पुढे करायचं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. मी प्रश्न विचारायचा, पोराने बोट ठेवायचं. औषधाने जगणं सुधारलं का, ते डॉक्टर मॅडम त्यावरून बघतात. उत्तरं कागदावर राहतात, किस्से मात्र माझ्याबरोबर घरी येतात.

एमआयडीसीजवळच्या एका बाबांना विचारलं, "खिडकी उघडी ठेवता का?"

"धुराचा रंग बघून ठरवतो!"

दिवा स्टेशनजवळच्या सोहमला विचारलं, "रात्री झोप लागते का रे?" आईच मध्ये म्हणाली, "मस्त झोपतो हो!"

सोहम म्हणाला, "मम्मी, तू झोपतेस. मी बसलेलो असतो."

तेव्हापासून आयांना बाहेर बसवतो.

पण त्यानंतरही सोहमचं बोट मधल्या चेहऱ्यावरच. म्हटलं, "एवढा त्रास होतो, मग रडका का नाही दाखवत?"

"रडलं की जास्त धाप लागते. म्हणून मी रडतच नाही."

मधला चेहरा म्हणजे आमच्याकडे 'ठीक'!

तन्वी दहा वर्षांची. "धावताना त्रास होतो?" तिने हसरा चेहरा दाखवला. मी खूश! "अरे वा!"

"मावशी, मी धावतच नाही. सगळे खो-खो खेळतात, मी त्यांचे बूट सांभाळते."

पुढच्या वेळी तिने सगळ्याच प्रश्नांना हसरा दाखवला. छातीतली शिट्टी मला टेबलापलीकडून ऐकू येत होती.

"तन्वी, खरं सांग गं."

"बाबा म्हणालेत, सगळे हसरे आले तर खेळायला सोडीन. चालवून घ्या ना मावशी, प्लीज!"

मॅडमनी तपासलं, औषध वाढवलं. परवा आली तेव्हा छाती अगदी साफ! मॅडम बाबांना म्हणाल्या, "उद्यापासून खेळू द्या. फक्त आधी पंप घ्यायचा आणि मैदानावर जवळ ठेवायचा."

मी कार्ड काढायच्या आत तन्वी म्हणाली, "हसरा!"

बाबा मात्र हळूच म्हणाले, "मैदानात, सगळ्यांसमोर पंप? मुलगी आहे हो मॅडम. उद्या लग्नाचं बघावं लागेल."

"अहो, दहा वर्षांची आहे ती!"

"लोक लक्षात ठेवतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर येताना तिच्या शाळेवरून आले. खो-खो रंगात आला होता आणि तन्वी बुटांपाशी बसली होती.