ताटातली तिसरी क्लिप

हे मी कधी कुणाला सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, पोरींना न्हाई, देवापुढं दिवा लावतानासुद्धा तोंडातून काढलं न्हाई. देवाला ठाऊकच आसंल, त्याला काय सांगायचं — अशी मी माझी समजूत काढून राह्यले इतकी वर्षं. आता तुम्ही समोर बसलेत असं धरून सांगते. मधी थांबले तर थांबू द्या. मला सरळ सांगता येत न्हाई, तशी मी लई तोंडाळ बाई हाये. कुणालाही विचारा.

मोठ्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या घरी ट्रॅक्टर आला. जाफराबादकडच्या आमच्या गावातला पहिला. लहानच होता, पण लोक बघायला यायचे तेव्हा आमच्या ह्यांची मान अशी ताठ व्हायची की पगडी घातल्यासारखी. चालवायला मात्र ह्यांना येत न्हवतं. चालवायचा किसन.

किसनभाऊ गावातलाच, बौद्धवाड्यातला. बदनापूरकडं एका मोठ्या बागायतदाराकडं चार-पाच वर्षं राहून ट्रॅक्टर शिकून आल्ता. बारीक अंगाचा, कमी बोलणारा. पण ट्रॅक्टरला मागं नांगर जोडताना त्याला बघायला पाह्यजे होतं. नांगर सपाट जागेवर ठेवायचा. ट्रॅक्टर हळूच मागं घ्यायचा. आधी डावी दांडी, मंग उजवी, मंग वरची. दांडीचं भोक नांगराच्या खुंटीत बसलं की खुंटीच्या टोकाला क्लिप. ही क्लिप म्हणजे बोटाएवढी जाड लोखंडी पिन आणि तिला स्प्रिंगचं गोल कडं. कडं मिटलं की कट् असा आवाज येतो. तो आवाज आला न्हाई तर किसनभाऊ पुढचं काम करत न्हवता. तीन दांड्या, तीन क्लिपा, तीनदा कट्. मंग हातानं हलवून बघायचा. चाकाच्या आणि नांगराच्या मधी कुणाला उभं राहू द्यायचा न्हाई, ह्यांनासुद्धा. खाली उतरायचं तर आधी नांगर भुईला टेकवायचा. ह्यांना याचा राग यायचा. म्हणायचे, एवढ्या वेळात बैलानं नांगराच्या दोन ओळी काढल्या असत्या. किसनभाऊ हसायचा आणि परत मोजायचा.

मोजणी — तीच त्याची पूजा. हे मला आज कळतं.

खंडेनवमीला आमच्या घरी सगळ्या हत्यारांची पूजा असायची. विळे, खुरपी, कुऱ्हाड, आणि त्या वर्षी पहिल्यांदा ट्रॅक्टर. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, सांगितलं की नांगर सोडवा, त्याचं लोखंड धुऊन ताटात मांडा. किसनभाऊनं पिना, क्लिपा रॉकेलमधी बुडवून, फडक्यानं पुसून, चांदीसारख्या करून आणल्या. ओसरीच्या कडेला उभं राहून ताट माझ्या हातात दिलं आणि म्हणला, वहिनी, क्लिपा तीन हायेत. त्यानं हात जोडले न्हाईत. आम्ही आता हे करत न्हाई, असं तो पह्यल्याच दिवशी ह्यांना सांगून बसला होता. नीट, शांतपणे. आत्याबाईंनी तोंड वाकडं केलं. मी हळद-कुंकू वाह्यलं, झेंडूची फुलं ठेवली.

आमच्यात नवमीला मांडलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटून होईस्तोवर हलवत न्हाईत. हलवलं तर वर्षभर घरात लोखंडाचा घात होतो — आत्याबाई असं म्हणायच्या, आणि त्यांनी म्हणलेलं आमच्या घरात सरकारी हुकमासारखं.

त्याच दुपारी माझ्या पाळण्याची कडी उघडली.

पाळणा माह्या माहेरचा. पहिल्या बाळंतपणाला वडलांनी दिलेला. सागवानी न्हवता, साधाच. आत्याबाई येता-जाता त्याला नावं ठेवायच्या. कडी ढिली झाली हे मी ह्यांना तीनदा सांगितलं होतं, नवीन जालन्याच्या बाजाराला जाता तर एक कडी आणा म्हणलं होतं. हे ट्रॅक्टरचं तेल आणायचे, कडी विसरायचे. त्या दुपारी पोरगी पाळण्यात, आणि एका बाजूची साखळी सुटली. मी जवळच होते, वरच्यावर धरली तिला. लागलं न्हाई काही. पण माझं काळीज असं उडालं! आणि लगेच दुसरं मनात आलं — आता आत्याबाई म्हणतील, बघा, माहेरचा पाळणा.

घरात सगळे निजले होते. समोर ताट. ताटात क्लिप. मी उचलली. साखळीचा दुवा वरच्या आकड्यातून ओढून घेतला, दुव्यात क्लिप आडवी घातली, कडं मिटवलं. कट्. अशी बसली, जशी त्यासाठीच केली होती. वरून मी काळ्या दोऱ्यानं चिंधी गुंडाळली. नजर लागू नये म्हणून लोक बांधतात तशी. कुणाच्या नजरेसाठी बांधली, हे तुम्हाला सांगायला पाह्यजे का?

संध्याकाळपर्यंत परत ठेवीन, असं ठरवलं होतं. मंग म्हणलं सकाळी. दसऱ्याला पाव्हणे आले, सोनं वाटलं, पुरणाचा स्वयंपाक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किसनभाऊ लोखंड न्यायला आला तेव्हा ताट मीच उचलून नेलं. झेंडू सुकला होता. त्यानं फुलं बाजूला केली. मोजल्या. परत मोजल्या.

दोनच हायेत, म्हणला.

आत्याबाई तिथंच तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. मी सांगू शकले असते. काय झालं असतं? चार शिव्या खाल्ल्या असत्या. मांडलेलं लोखंड नवमीलाच उचललं, तेही पाळण्याला लावलं, म्हणून आठ दिवस मला फाडून खाल्लं असतं. आठ दिवस! एवढीच किंमत होती. पण माझ्या तोंडातून निघालं, "जेवढ्या होत्या तेवढ्या दिल्या."

किसनभाऊनं शोधायला सुरुवात केली. अंगण झाडलं. रॉकेलचं डबडं उपडं केलं. मंग माझ्याकडूनच चाळणी मागून घेतली आणि अंगणातली माती चाळत बसला, गुडघ्यावर, ओंजळ-ओंजळ. दोन दिवस. मी आत पाळण्याची दोरी ओढत होते. तो ओसरीच्या पुढं कधी येत न्हवता. येऊ नको असं कुणी म्हणत न्हवतं, आणि ये असंही कुणी म्हणत न्हवतं. दहा-बारा हातांवर क्लिप होती. साखळी करकरायची तर त्याला ऐकू येत आसंल. मी मनाशी म्हणायचे, आत्ता काढली तर पोरगी उठंल. खरंच हेच म्हणायचे. पोरगी उठली असती तर काय आभाळ पडलं असतं का हो?

ज्वारीच्या पेऱ्याचे दिवस. रानातली ओल चालली होती आणि हे घायकुतीला आले होते. म्हणाले, तार बांध आणि चल, क्लिप आणू पुढच्या बाजाराला. किसनभाऊ न्हाई म्हणला. तारेवर नांगर उचलायचा न्हाई, बिलकुल न्हाई, म्हणला. ह्यांचा आवाज चढला — क्लिप तू हरवलीस आणि वरून अडून बसतोस? मी दारात उभी होते. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. आरोप न्हवता त्यात. कुणीतरी आपल्या बाजूनं बोलंल का, असं माणूस बघतो तसं. मी पदर सारखा केला आणि आत गेले.

तिसऱ्या दिवशी त्यानं तिपदरी तार पिळून उजव्या दांडीला बांधली आणि रानात गेला.

दुपारी एका वावरातून दुसऱ्या वावरात जाताना, नांगर वर उचललेला असताना तार तुटली. उजवी दांडी निसटली, नांगर एका अंगाला लोंबकळून बांधाला टेकला आणि तिरपाच अडकला. किसनभाऊनं ट्रॅक्टर थांबवला, नांगर भुईला टेकवायचं लिव्हर खाली केलं, मंगच उतरला. त्याचं काहीच चुकलं न्हाई, हे नीट ऐका. पण अडकलेला नांगर खाली येत न्हवता. किसनभाऊ तो सोडवायला वाकला आणि तेव्हाच नांगर खाली आला. उजव्या पायावर.

बैलगाडीत गवत टाकून त्याला रस्त्यापर्यंत नेला, तिथून एस. टी.नं जालन्याला. पायाचा पुढचा अर्धा पंजा काढावा लागला. ट्रॅक्टरचा ब्रेक उजव्या पायानं दाबायचा असतो. मंग संपलंच सगळं.

गावात काय बोलणं झालं, ते सांगायला मला जास्त जड जातं. आत्याबाई म्हणाल्या, हात जोडले न्हाईत पूजेला, लोखंड कोपणारच. शेजारणी म्हणाल्या, खरंय बाई. पार पारावर गेलं ते बोलणं आणि तिथून बौद्धवाड्यात. पूजेचं लोखंड कुणी हलवलं, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. आणि मी त्या बायांमधी बसून शेंगा फोडत होते, मान हलवत होते. हूं म्हणत होते. हे मी केलेलं हाये. पुढच्या बाजारी ह्यांनी नवीन जालन्याहून पानाएवढ्या कागदात बांधून दहा क्लिपा आणल्या. पाळण्यासाठी कडीपण आणली. ती मी अडगळीत टाकली. आता पाळण्याची क्लिप काढून टाकायची म्हणजे ती हातात घ्यावी लागली असती.

पण माझा खरा गुन्हा अजून सांगितला न्हाई. वाटत होतं, इथपर्यंत सांगून थांबता येईल.

चार-पाच महिन्यांनी किसनभाऊ काठी टेकत आला. हे घरी न्हवते. तो ओसरीच्या कडेला बसला, पाणी मागितलं न्हाई, काही मागितलं न्हाई. इकडचं-तिकडचं विचारलं, पोरगी चालायला लागली का विचारलं. मंग खाली बघून म्हणला, "वहिनी, एकच इचारायचं हाये. त्या दिवशी ताट तुमच्या हातात दिलं, तवा तीन होत्या का दोन? मला तर तीन आठवतात. पण सगळे म्हणतात तर — मलाच आता बराबर सांगता येईना."

तो भांडायला आला न्हवता. कुणाला काही सांगणारही न्हवता. त्याला फक्त त्याची मोजणी परत पाह्यजे होती. आत्याबाई मळ्यात गेल्त्या. ऐकायला कुणी न्हवतं. भ्यायचं काही कारण उरलं न्हवतं.

मी म्हणले, "दोनच होत्या, किसनभाऊ."

त्यानं मान हलवली. हळू म्हणला, मंग माझ्याच्यानंच चुकलं. आणि उठला. उठायला त्याला वेळ लागला.

पुढं त्याची बायको आमच्याकडं निंदायला यायची. तिच्याकडून कळलं की नवीन जालन्याच्या मोंढ्यातल्या, धान्याच्या बाजारातल्या, एका व्यापाऱ्यानं त्याला पोती मोजून घ्यायच्या कामावर बोलावलं होतं. बसून काम, सावलीत. माणूस खरा हाये म्हणून कुणीतरी नाव सांगितलं होतं. त्यानं नकार कळवला. माझ्या मोजणीवर कुणी इसंबू नये, म्हणला. त्याच मोंढ्यात मंग फाटका बारदाना शिवायला बसला, शेवटपर्यंत. बायको सांगायची, घरातल्या शेळ्या तो मोजायचा, आणि मंग तिला म्हणायचा, तू मोज. हसून सांगायची ती. मीपण हसायचे. काय करणार होते?

किसनभाऊ जाऊन बरेच दिवस झाले. मी गेले न्हाई. गुडघे दुखतात, असं घरात सांगितलं.

पाळणा अजून हाये. माझ्या पोरी त्यात वाढल्या, नातवंडं वाढली. गेल्या महिन्यात नातसून पाळणा धुवायला काढत होती, तिनं चिंधी सोडली आणि विचारलं, आजी, हे काय हो, ट्रॅक्टरचं दिसतंय? मी म्हणले, असंच काहीतरी जुनं. म्हणजे बघा, अजूनही.

रात्री-अपरात्री न्हाई, भर दुपारी ऐकू येतं मला — अंगणात कुणीतरी माती चाळून राह्यलंय. मी उठून बघत न्हाई आता. ठाऊक हाये, कोण हाये ते.

क्लिप मी काढून घेतली. आत्ता माझ्यापुढं ताटात ठेवलीये. गंज न्हाई, कडं अजून कट् करून मिटतं. हळद-कुंकू वाह्यलं न्हाई.

ताटात तीन होत्या, किसनभाऊ. तुम्ही बराबर मोजल्या होत्या.